‘धर्माच्या नावावर’, ‘नावानं’ की ‘नावाखाली’?

हिंगोलीच्या एका वाचकांचा प्रश्न आलाय. निवडणूक लागली की बातम्यांत ‘धर्माच्या नावावर मतं मागितली’ असं सर्रास छापून येतं. त्यांचे शाळेतले गुरुजी म्हणायचे, हे ‘के नाम पर’चं भाषांतर आहे, मराठीत ‘धर्माच्या नावानं’ म्हणावं. अग्रलेखांत तिसरंच, ‘धर्माच्या नावाखाली’. यात बरोबर कोणतं? शिवाय ‘मतांचा जोगवा’ हा शब्द बातमीत वापरावा का, अशी पुस्तीही त्यांनी जोडली आहे.

गुरुजींचं अर्धं बरोबर आहे. मराठीत ‘नावावर’ म्हटलं की आधी आठवतो सातबारा. शेत बापाच्या नावावर, कर्ज थोरल्याच्या नावावर, फेरफार झाला की नाव चढतं. क्रिकेटवाल्यांचं शतकही कुणाच्या तरी नावावर जमा होतं. म्हणजे मालकी किंवा खातं. त्या हिशेबानं ‘धर्माच्या नावावर मतं’ म्हणजे मतांचा फेरफार धर्माच्या नावे झाला, असा काहीसा अर्थ निघतो. तो आपल्याला अभिप्रेत नसतो, पण गंमत म्हणजे निकालानंतर कुठलाही पक्ष तसंच वागतो.

उरलेलं अर्धं मला पटत नाही. ‘नाम पर’ हिंदी बातम्यांतून आलं असं पुण्यामुंबईत म्हणता येईल. मराठवाड्यात ते घराशेजारीच होतं. परभणीच्या फेब्रुवारीतल्या उरुसात दर्ग्याच्या वाटेवर बसलेली माणसं पाहा. टोपीवाला समोरून आला की ‘अल्ला के नाम पे’ आणि नऊवारी दिसली की त्याच दमात ‘देवाच्या नावानं द्या माय’. तोंड एकच, पण ‘पे’ कुठं लावायचं आणि ‘नं’ कुठं, यात त्यांची कधी गल्लत होत नाही. गल्लत होते ती छापणाऱ्यांची. तरीही ‘नावावर’ आता इतकं रुळलंय की त्याला मी चूक म्हणणार नाही. स्वतः मात्र लिहीत नाही, कारण त्यातून फारसं काही कळत नाही.

‘नावानं’ मात्र भरलेला शब्द आहे आणि त्याला दोन तोंडं आहेत. तुळजापूरला ‘आईच्या नावानं उदो’ म्हणतात, नवस देवाच्या नावानं बोलतात, कुणी देवाच्या नावानं वळू सोडतो. हे झालं श्रद्धेचं तोंड. दुसरं तोंड शिव्यांचं : नावानं खडे फोडणं, नावानं बोटं मोडणं, नावानं शिमगा करणं, अगदीच विटलं तर नावानं आंघोळ करणं. त्यामुळे ‘धर्माच्या नावानं मतं मागितली’ हे वाक्य वाचलं की मी विचारतो, कुणाच्या धर्माच्या? आपल्या धर्माच्या नावानं उदो केला की दुसऱ्याच्या धर्माच्या नावानं शिमगा?

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ मध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. पोटकलम (३) धर्म, वंश, जात, जमात किंवा भाषा या कारणावरून मत द्या किंवा देऊ नका, असं आवाहन करण्याबद्दल आहे. पोटकलम (३क) आहे याच कारणांवरून नागरिकांच्या वर्गांमध्ये वैर किंवा द्वेष पसरवण्याबद्दल. दोन्ही भ्रष्टाचारातच मोडतात. पैसे खाण्याशी त्याचा संबंध नाही, निवडणूक कायद्याच्या भाषेत धर्माच्या कारणावरून मत मागणं हाच भ्रष्टाचार. पार्ल्याच्या १९८७ सालच्या पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ते कायम केलं, आणि ज्यांची ती भाषणं होती त्या बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला, तो याच कलमातल्या भ्रष्टाचारावरून.

‘नावाखाली’ सर्वांत सोपा आणि सर्वांत कडक. त्याचा अर्थ सबब. विकासाच्या नावाखाली झाडं तोडली, म्हणजे विकास नुसता बोर्डावर, खाली भलतंच. ‘धर्माच्या नावाखाली मतं मागितली’ असं लिहिणारा बातमी देत नसतो, निकाल देत असतो : याला धर्माशी काही देणंघेणं नाही, हा ढोंगी आहे. अग्रलेखात ते शोभतं, कारण मत देणं हेच अग्रलेखाचं काम. बातमीत नको. एखादा उमेदवार मनापासून धार्मिक असेल आणि तरीही धर्मावरून मतं मागत असेल, तर कायदा मोडेल, पण ‘नावाखाली’ काही ठरणार नाही.

आता ज्यासाठी हा प्रश्न मला गोड वाटला, तिकडे येतो. एवढ्याशा शब्दावर भांडून काय होणार, असं वाटत असेल तर अभिराम सिंग खटला आठवा. १९९० ची विधानसभा, मुंबईचा सांताक्रूझ मतदारसंघ. उच्च न्यायालयानं सिंग यांची निवड रद्द केली आणि प्रकरण दिल्लीत सात न्यायाधीशांपुढे गेलं. घोळ होता एका सर्वनामाचा. पोटकलम (३) च्या इंग्रजी पाठात ‘हिज रिलिजन’ आहे. हा ‘हिज’ कोण? ज्याला मत द्यायचं तो उमेदवार, की ज्याच्याकडून मागायचं तो मतदारसुद्धा? २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन असा निकाल लागला. बहुमत म्हणालं, मतदाराचा धर्मही त्यात येतो. अल्पमत म्हणालं, शब्द उमेदवारापुरताच आहे, मतदार आपल्या धर्मामुळे जे भोगतो त्याबद्दल बोलायची बंदी त्यातून काढता येणार नाही. एका सर्वनामाची उकल व्हायला निवडणुकीपासून २०१७ उजाडावं लागलं.

मराठीत हे कसं होतं? कायदेशीर मराठीत तिथे ‘व्यक्ती’ घातली की ‘तिच्या धर्माच्या’ म्हणावं लागेल, आणि मिशा पिळणारा उमेदवारही ‘ती’ होईल, ते सोडा. खरी गंमत सभेत आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही सभेत कान देऊन ऐका. ‘माझ्या धर्मासाठी मत द्या’ असं कुणी म्हणत नाही, ‘तुमच्या धर्मासाठी’ही नाही. म्हणतात ‘आपला’. आपला माणूस हाय, आपल्यातला हाय, आपल्या लोकायचं बघायला कुणीतरी पाहिजे. या ‘आपला’त बोलणारा आहे, ऐकणारा आहे, व्यासपीठावरचा उमेदवारही आहे. ‘आम्ही’त श्रोता बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. त्यातून कोण वगळला गेला हे मात्र बोलावं लागत नाही, सभेला न आलेल्यांना बरोबर कळतं. सात न्यायाधीशांत ज्यावर एकमत झालं नाही, ते आपल्या बोलीतलं सर्वनाम एका दमात गिळून बसलंय. वर ‘आपला’ जातीचा, गावचा, तालुक्याचा असू शकतो. कोर्टात पकडणार कसं?

शब्दयोगी अव्ययच नको, या कलेचा अर्कही आमच्याकडेच निघाला. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून तेव्हाच्या औरंगाबादेत गाजलेली शिवसेनेची घोषणा : ‘खान की बाण?’ धर्म हा शब्द नाही, नावावर-नावानं-नावाखाली काहीच नाही. एक आडनाव, एक निवडणूक चिन्ह आणि यमक. व्याकरणाला यात बोट ठेवायला जागा सापडत नाही.

पण या घोषणेवरून तिथलं सगळं मतदान वाचायला गेलात तर फसाल. २०१९ ला लोकसभेत इम्तियाज जलील जिंकले ते ४,४९२ मतांनी, आणि त्यांच्या एमआयएम पक्षाची आघाडी वंचित बहुजन आघाडीशी होती. मराठा आरक्षणासाठी आमदारकीचा राजीनामा दिलेले हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे होते, त्यांना २ लाख ८३ हजारांवर मतं पडली. याला ‘धर्माच्या नावावर मतदान’ म्हणून मोकळं होणं हा आळस आहे. काही मतं धर्मानं पडली, काही जातीनं, काही तेव्हाच्या खासदारावरच्या रागानं, आणि ती वेगळी करायला एक अव्यय पुरत नाही.

जाता जाता : आमच्याकडे ‘नावावर मतं मागणं’ शब्दशःही खरं आहे. शहराचं नाव, जिल्ह्याचं नाव, विद्यापीठाचं नाव, या प्रत्येकावर निवडणुका लढल्या गेल्या. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये आली, तरी २०२४ च्या लोकसभेला निवडणूक आयोगाच्या यादीत मतदारसंघ ‘औरंगाबाद’ आणि ‘उस्मानाबाद’ असेच होते.

राहिला जोगवा. परडी घेऊन पाच घरं मागायची आणि त्यात कमीपणा मानायचा नाही, उलट अहंकार उतरवायचा, हा मूळ जोगवा. तुळजापूर, माहूरच्या जोगवा मागणाऱ्या आयांना ‘मतांचा जोगवा’ खटकतो तो म्हणूनच, कारण बातमीत तो लाचारीच्या अर्थानं येतो. मी टाळतो. पण तो पुसायचा तर मग पुष्कळच पुसावं लागेल. प्रचाराचा नारळ, विजयाचा गुलाल, निकालाआधी पाण्यात ठेवलेले देव. ‘मतदाना’त तर दानच आहे. आणि ‘जनतेचा कौल’? मूर्तीला फुलं, सुपारी लावून उजवी पडते की डावी हे पाहणं म्हणजे कौल, आणि शब्द मुळात अरबी, ‘कौल’ म्हणजे वचन. अरबीतून निघून देवळात शिरला आणि तिथून मतमोजणी केंद्रात. त्याला कुणी हरकत घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तेव्हा हिंगोलीकरांनी बातमी लिहिताना ‘धर्माच्या कारणावरून मतं मागितल्याची तक्रार’ असं लिहावं. कायद्याला तेच जवळचं आहे आणि कुणाच्या मनात काय होतं याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. बोलताना ‘नावानं’ म्हणा, पण कुणाच्या ते सांगून. ‘नावाखाली’ पुरावा हाताशी असेल तेव्हाच. आणि गुरुजी भेटले तर त्यांना ‘आपला’बद्दल विचारा.