दिजाँत चार दिवस, पायी

(प्रवासाविषयी आलेल्या वाचकांच्या पत्रांपैकी या वेळी तीन पत्रांना उत्तरे देत आहे. योगायोग असा, की तिन्ही पत्रे फ्रान्समधल्या एकाच शहराविषयी आहेत.)

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही निवृत्त आहोत. पुढच्या वर्षी पॅरिसला मुलीकडे जाणार आहोत. मुलगी आणि जावई नोकरीत असल्यामुळे मधले चार दिवस आम्ही स्वतःच कुठेतरी जाऊन यावे, असा बेत आहे. सहल कंपनीबरोबर जायचे नाही आणि टॅक्सी परवडणार नाही, मात्र रोज सकाळी मरीन ड्राइव्हवर फिरण्याची सवय असल्यामुळे चालण्याचे भय नाही. जावयांनी दिजाँ हे नाव सुचवले आहे. मोहरीच्या चटणीखेरीज तिथे पाहण्यासारखे काही आहे का? चार दिवस काय करायचे?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : जावयांनी सुचवलेले नाव उत्तम आहे. पॅरिसच्या गार द लिओं स्थानकावरून तेजेवे ही वेगवान गाडी सुमारे एक तास पस्तीस मिनिटांत दिजाँला पोहोचवते, परंतु तिचे भाडे विमानाच्या तिकिटासारखे मागणीप्रमाणे चढत जाते, म्हणून तिकीट लवकर काढावे. तारीख आयत्या वेळी ठरणार असेल, तर पॅरिस-बेर्सी स्थानकावरून सुटणारी प्रादेशिक गाडी घ्यावी. तिला दुप्पट वेळ लागतो, पण आपल्याजवळ वेळ आहे आणि खिडकीबाहेर बरगंडी प्रांत आहे.

दिजाँचे स्थानक आणि जुने शहर यांतले अंतर चर्चगेटहून काळा घोड्यापर्यंत जावे इतकेच आहे. या एका गोष्टीमुळे तिथे पैसे वाचतात, कारण एकदा गाडीतून उतरले की वाहनाची गरज जवळजवळ उरत नाही. स्थानकाजवळच्या दार्सी बागेत पांढऱ्या अस्वलाचे एक मोठे शिल्प आहे. बरगंडीतच जन्मलेल्या फ्रांस्वा पोंपों या शिल्पकाराच्या प्रसिद्ध अस्वलाची ती प्रतिकृती आहे. तिथूनच ‘घुबडाची वाट’ सुरू होते. फरसबंदीत बसवलेल्या, घुबडाचे चित्र कोरलेल्या लहान पितळी त्रिकोणांमागे चालत गेले, की 22 ठिकाणांना वळसा घालून जुने शहर पाहून होते. माहितीपुस्तिका पर्यटन कार्यालयात विकत मिळते, परंतु वाट चुकू नये यासाठी ती घेण्याचे कारण नाही. त्रिकोण पुरेसे आहेत.

ज्या घुबडावरून या वाटेला नाव मिळाले, ते नोत्र-दाम चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, हात पोहोचेल इतक्या उंचीवर कोरलेले आहे. शतकानुशतके लोकांनी हात फिरवल्यामुळे त्याचे डोळे-चोच पार झिजून गेले आहेत आणि आता तो केवळ एक गुळगुळीत उंचवटा राहिला आहे. 2001 साली कोणीतरी त्यावर हातोडा मारला, तेव्हा शहराला घरातल्या माणसाला इजा झाल्यासारखे वाईट वाटले होते. इच्छा मनात धरून त्याला डावा हात लावायचा असतो, कारण डावा हात हृदयाजवळचा. आपल्याकडे घुबडही अशुभ आणि डावा हातही वर्ज्य. दिजाँत मात्र ही दोन्ही एकत्र आली की मनोकामना पूर्ण होते. शिवाय फ्रेंच बोलीत ‘शुएत’ या शब्दाचा अर्थ घुबड असा आहे, तसाच ‘झकास’ असाही आहे. त्याच चर्चच्या माथ्यावर ठोके देणारा पुतळा असलेले घड्याळ आहे. ते 1382 मध्ये बरगंडीच्या ड्यूकने, म्हणजे तिथल्या सत्ताधीश सरदाराने, फ्लँडर्समधल्या कूर्त्रे शहरातून लुटीत आणले. पुढच्या शतकांत नगरवासीयांना त्या एकट्या पुतळ्याची दया आली आणि त्यांनी त्याला आधी बायको, मग मुलगा आणि शेवटी मुलगी अशी जोड दिली.

आता मुख्य गोष्ट. दिजाँचे ललितकला संग्रहालय ड्यूकच्या राजवाड्यातच आहे आणि त्याच्या कायमच्या संग्रहाला प्रवेशशुल्क नाही. फुकट म्हणजे दुय्यम, असा समज इथे चालत नाही. ड्यूक फिलिप आणि त्याचा पुत्र जाँ यांच्या समाध्या जिथे आहेत, त्या दालनात आपण किमान एक तास थांबावे, असा माझा आग्रह आहे. वर ड्यूक निजलेले आहेत आणि खाली, लहान कमानींच्या ओवरीतून, टोपडी घातलेल्या हातभर उंचीच्या शोकमग्न मूर्तींची अंत्ययात्रा चालली आहे. प्रत्येक समाधीभोवती अशा चाळीसच्या आसपास मूर्ती आहेत. एकाने टोपडे नाकापर्यंत ओढून घेतले आहे, एक पोथी वाचतो आहे, एक डोळे पुसतो आहे. वरचे राजे औपचारिक आणि ताठ आहेत, दुःख मात्र सगळे खाली, गुडघ्याच्या उंचीवर आहे. त्यामुळे ते पाहण्यासाठी आपल्याला वाकावे लागते. या मूर्ती घडवण्याच्या कामात ज्याचा मोठा वाटा होता, त्या क्लाउस स्लूटरची सर्वश्रेष्ठ कृती, म्हणजे बायबलमधल्या सहा संदेष्ट्यांच्या पूर्णाकृतींचा ‘मोशेचा कूप’, स्थानकाच्या पश्चिमेला, शांप्मोल मठाच्या जागी आज जे मनोरुग्णालय आहे त्याच्या आवारात उभी आहे. तिथे मात्र किरकोळ शुल्क पडते. तिथून तसेच पुढे चालत गेले, की लाक किर हे 1964 मध्ये खुले झालेले कृत्रिम सरोवर लागते. त्याला फेलिक्स किर या धर्मगुरू-महापौराचे नाव आहे. पांढऱ्या वाइनमध्ये ब्लॅककरंट या काळ्या, आंबट फळाचे गोड मद्य मिसळून होणाऱ्या पेयालाही त्याचेच नाव पडले. मठ आणि सरोवर मिळून आपला एक पूर्ण दिवस होईल.

राजवाड्याच्या मधोमध फिलिप ल बों मनोरा आहे. त्याची उंची 46 मीटर असून 316 पायऱ्या चढाव्या लागतात, आणि वर ठरलेल्या वेळी मार्गदर्शकाबरोबरच सोडतात. गुडघे साथ देत असतील तर चढावे. नसतील तर समोरच्या अर्धवर्तुळाकार चौकात कारंज्यांजवळ बसून मनोरा खालून पाहण्यातही कमीपणा नाही.

चौथा दिवस द्राक्षमळ्यांसाठी ठेवा. ट्रामने शनोव्ह या उपनगरातल्या शेवटच्या थांब्यापर्यंत जावे आणि तिथून पायी डोंगरउताराला लागावे. बरगंडीचे हे मळे आणि दिजाँचे जुने शहर यांना 2015 मध्ये युनेस्कोने एकत्रच जागतिक वारसा यादीत घेतले, ते का, हे चालताना कळते: प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नाव आहे, आणि कोकणात आपण कलमांच्या बागांची नावे घेतो त्याच आपुलकीने तिथले लोक ती नावे घेतात.

एक चूक मात्र टाळा. मी स्वतः पहिल्यांदा तिथे मंगळवारी पोहोचलो आणि संग्रहालयाच्या बंद दारापुढे उभा राहिलो, कारण मंगळवार हा त्याचा सुट्टीचा दिवस आहे. दोन दिवसांची धावती भेट असती तर समाध्या पाहायच्या राहूनच गेल्या असत्या. 1 मे रोजीही तिथे जाऊ नका. आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिथे कामगार दिन, आणि त्या दिवशी जवळजवळ सगळेच बंद.

प्रश्न : आमचे कुटुंब शाकाहारी आहे, अंडे चालते. युरोपात उपाहारगृहात रोज दोन वेळा जेवणे परवडत नाही, हे मागच्या प्रवासात कळून चुकले. दिजाँत आमचे कसे होईल? आणि तिथली मोहरी खरोखर इतकी वेगळी असते का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : बरगंडीचे प्रसिद्ध पदार्थ बहुतेक मांसाचे आहेत, हे आधीच मान्य करून टाकावे. चीज घालून भाजलेले ‘गुजेर’ नावाचे पोकळ, हलके गोळे आपल्याला चालतील. कोशिंबिरीत मात्र ‘लार्दों’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे न सांगता येतात, म्हणून मागवतानाच विचारावे. बाहेर जेवायचे तर दुपारी जेवावे, कारण दुपारचा ठरावीक थाळा रात्रीपेक्षा स्वस्त पडतो. तो साधारण बारा ते दोन याच वेळेत मिळतो आणि त्यानंतर स्वयंपाकघर बंद होते. पाण्याची बाटली मागवू नका. ‘उन काराफ दो’ एवढे म्हटले, की नळाचे पिण्याचे पाणी सुरईतून येते आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

मुक्कामासाठी लहानसे स्वयंपाकघर असलेली खोली शोधा. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार या दिवशी सकाळी मध्यवर्ती लोखंडी मंडई भरते. दिजाँ हे गुस्ताव आयफेल यांचे जन्मगाव. 1832 मध्ये ते इथे जन्मले, आणि या मंडईचे लोखंडी खांब पाहिले की त्यांची आठवण होतेच. आपल्याला क्रॉफर्ड मार्केटची सवय असेल, तर इथली शिस्त थोडी जाचेल: फळाला स्वतः हात लावायचा नाही, विक्रेता निवडून देतो. पाव, चीज, टोमॅटो आणि हंगामातले फळ घेतले, की कोणत्याही बागेतल्या बाकावर जेवण होते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि सोमवारी सकाळीही बरीचशी उघडत नाहीत, हे ध्यानात ठेवून शनिवारीच खरेदी करून ठेवावी.

मोहरीविषयी लिहायला मला आनंद होतो. दिजाँची तपकिरी मोहरी आणि आपल्या फोडणीतली राई या एकाच जातीच्या आहेत. वेगळी आहे ती कृती, आणि तीही आपल्याला परकी नाही. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो; दाणा फुटून त्यात थंड पाणी मिसळले म्हणजे तो निर्माण होतो. म्हणून फोडणीत तडतडलेली मोहरी सौम्य लागते आणि लोणच्यासाठी फेसलेली मोहरी थेट नाकात जाते. दिजाँत पाण्याऐवजी आंबट द्रव घालतात, त्यामुळे तो झणका टिकतो. म्हणजे आपली आजी जे पाट्यावर करत होती, तेच तिथे काचेच्या बरणीत भरून मिळते. गंमत अशी, की ‘दिजाँ मोहरी’ हे कृतीचे नाव आहे, गावाचे नव्हे; ती कुठेही करता येते आणि तिचे दाणे बहुतांशी कॅनडातून येतात. 2021 मध्ये तिथे उष्णतेने पीक करपले, तेव्हा पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या दुकानांच्या फळ्या रिकाम्या पडल्या होत्या. स्थानिक दाणे हवे असतील, तर बरणीवर ‘मुतार्द द बूर्गोन्य’ असे लिहिलेले पाहून घ्यावी. दुकानात निरनिराळ्या मोहऱ्यांची चव फुकट घेऊ देतात. परतताना मात्र बरणी हातातल्या बॅगेत ठेवू नका. विमानतळावरच्या तपासणीत मोहरीची गणना द्रवात होते आणि मोठी बरणी काढून घेतली जाते.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांची असून एकटीच जाण्याचा विचार करते आहे. व्हिसासाठी काय तयारी ठेवावी, आणि कोणत्या महिन्यात जावे?
— एक वाचक, परळ

उत्तर : फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत पंधरा दिवसांची असली, तरी मुंबईत उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळणे कठीण होते, म्हणून दोन-तीन महिने आधीच हालचाल करावी. जून 2024 पासून प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे, आणि व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा लागतो. मुक्कामाचे आरक्षण दाखवावे लागत असल्यामुळे, रद्द करता येईल असेच आरक्षण आधी करावे. चार शहरांची चार आरक्षणे जुळवण्यापेक्षा एकाच शहराचे एक आरक्षण सोपे पडते आणि सलग मुक्कामाचा दरही अनेकदा उतरतो.

महिना जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे एकटीने चालताना मनाला आधार वाटतो आणि संध्याकाळ हा दिवसाचाच आणखी एक भाग होऊन जातो. जोडे मात्र नवे घेऊन जाऊ नका. जुन्या शहरातली दगडी फरसबंदी नव्या जोड्यांना पहिल्याच दिवशी उघडे पाडते. महिनाभर आधी घेऊन परळ ते दादर असे रोज चालून ते मऊ करून घ्यावेत.