ब्रिटनच्या एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) कन्सल्टंट म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर, घरी दोन लहान मुलं: मेडिकल लीडरशिपची मास्टर्स पार्ट-टाइम झेपेल का?

झेपेल, पण तीन वर्षांची ठेवा. ब्रिटनमधली मास्टर्स 180 क्रेडिट्सची असते आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण 10 तासांचा अभ्यास. एकूण 1800 तास. तीन वर्षांत आठवड्याला 12 तास पडतात, दोन वर्षांत उरकायची म्हटली तर 18. ऑन-कॉल सांभाळून 18 तास काढणार कुठून?

त्यापेक्षा आधी 60 क्रेडिट्सच्या पीजी सर्टिफिकेटला, म्हणजे मास्टर्सच्या एक तृतीयांश अभ्यासक्रमाला, प्रवेश घ्या. पुढे नाहीच जमलं तर हात रिकामे राहत नाहीत. हे क्रेडिट्स मास्टर्सला किती वर्षांपर्यंत धरतील, ते मात्र विद्यापीठाकडून लेखी घ्या.

फी भरण्याआधी मॉड्यूलच्या तारखा, रोटा (ड्युटीचं वेळापत्रक) आणि शाळेच्या सुट्ट्या शेजारी शेजारी मांडून बघा. असाइनमेंटची डेडलाइन हाफ-टर्ममध्ये (शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीत) आली की सगळं कोलमडतं. इंग्लंडमध्ये कन्सल्टंटला तीन वर्षांत 30 दिवस स्टडी लीव्ह मिळते. ती वर्गाच्या दिवसांसाठी राखा, कॉन्फरन्सवर उडवू नका.

खरी गाडी अडते ती प्रबंधाशी. रुग्णांच्या मुलाखती घ्यायचं ठरवलंत की एथिक्सच्या मंजुरीतच महिने जातात. त्याऐवजी विभागात आधीपासून जमा होणारा डेटा धरा: क्लिनिकला न येणारे रुग्ण, डिस्चार्जला होणारा उशीर. विषय ट्रस्टच्या (तुमचं हॉस्पिटल चालवणाऱ्या एनएचएस संस्थेच्या) ऑडिट विभागात आधीच नोंदवा. हा रिसर्च की सेवासुधारणा, याचा निकाल तिथेच लावून घ्या. आणि रात्रपाळीनंतर लिहायला बसू नका, फार तर वाचन करा.