वडिलांना डिमेन्शिया आहे, केअर होममधून निघून जाऊ नयेत म्हणून खिशात एअरटॅग (ॲपलचा वस्तू शोधायचा छोटा टॅग) ठेवला तर चालेल का?

नाही, फक्त एअरटॅगवर अवलंबून राहू नका. त्यात जीपीएस नसतंच, जवळून जाणाऱ्या ॲपलच्या फोनने ब्लूटूथवर त्याला पकडलं तरच जागा कळते, म्हणजे आपल्याकडे एखाद्या सामसूम गल्लीत किंवा गावाबाहेरच्या रस्त्यावर तासभर काहीच दिसणार नाही, शिवाय तुमच्या फोनपासून बराच वेळ लांब राहिला की हलवल्यावर तो बीप करतो आणि म्हातारं माणूस वैतागून फेकून देतं. सासूबाईंच्या होममध्ये हेच सगळं बघितलंय. तिथे खरा उपयोग झाला तो दाराचा: मॅग्नेटिक लॉक, बाजूला कीपॅड, आणि मनगटावरचा टॅग दाराजवळ आला की नर्सच्या टेबलावर बझर. कारण बाहेर पडल्यावर शोधण्यापेक्षा उंबऱ्यावरच कळणं कधीही बरं. त्याच्या जोडीला सिमवाला जीपीएस ट्रॅकर घ्या, पण तो साधारण रोज-दोन दिवसांनी चार्ज करावा लागतो, ते काम नक्की कोणाचं हे आधीच ठरवा. एक मात्र होमवाल्यांना विचाराच, फायर अलार्म वाजला किंवा लाइट गेली तर ते लॉक आपोआप उघडतं ना? आणि उघडलं की दारापाशी कोण उभं राहतं?