वाचकांचे प्रश्न : हौसेसाठी जुनी जिप्सी घ्यावी का?

प्रश्न : ओळखीचा एकजण २००८ ची मारुती जिप्सी विकतोय. गाडी कायम कळंगुटला, समुद्राजवळ असते. इंजीन पहिल्याच सेल्फला चालू होतं, रंग नुकताच मारलाय. रोजच्या कामाला माझ्याकडे दुसरी गाडी आहे. रविवारी रानवाटा आणि चिखल तुडवायची हौस आहे. घेऊ का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तुम्ही इंजिनाचं कौतुक केलंत, पण आम्हाला खटकला तो नवा रंग. जिप्सीचं १.३ लिटरचं पेट्रोल इंजीन साधं आहे, बिघडलं तरी दुरुस्त होतं. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सडली तर मात्र खर्चाला अंत नाही. खारी हवा आणि तांबडा चिखल चेसिसच्या पोकळीत शिरतो, तिथे तो वाळतच नाही आणि पत्रा आतून खातो. बाहेरून सगळं चकचकीत दिसतं.

म्हणून गाडी आधी गॅरेजच्या पिटवर (खालून बघायच्या खड्ड्यावर) घ्या. छोट्या हातोडीनं चेसिस ठोकत जा : पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे अडकवलेले असतात ती जागा, आणि मागच्या चाकांच्या आसपास. खणखणीत आवाज आला तर धातू शाबूत. भद्द आवाज आला तर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं तर सौदा तिथेच सोडा. खालूनही ताजा काळा थर मारलेला असेल तर खरवडू द्या म्हणावं. मालक नको म्हणाला, तर उत्तर मिळालंच. पायाखालची मॅट उचलून तिथला पत्राही बघा.

मग फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा. ती डांबरावर तपासू नका. जिप्सीत पुढच्या-मागच्या चाकांमध्ये सेंटर डिफरन्शियल (दोन्हीकडच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे वळणावर चाकं एकमेकांशी झगडतात आणि सगळा ताण गिअरांवर येतो. मातीच्या मैदानात फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकून सरळ चालवा, मग थांबून फोर-लो (चारही चाकं, कमी वेग पण जास्त जोर) टाका आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबा-सोडा. लिव्हर आपोआप बाहेर उडाली तर ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी गिअरपेटी, झिजलीय. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवरच्या दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बोटाला लावून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, बेअरिंगं गेल्यात जमा. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो खिळा) झिजलंय.

२००८ च्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षं २०२३ मध्येच संपली. आरसीचं नूतनीकरण झालंय का ते बघा; ते पाच वर्षांचंच असतं, म्हणजे पुढच्या तपासणीचा खर्च तुमच्या माथी. चेसिसवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा, कारण गंज आणि रंग दोन्ही तो झाकतात. कर्जाचा बोजा उतरलाय का, तेही बघा. वेगळं इंजीन बसवलं असेल तर ते आरसीवर नोंदलेलं हवं.

आणि चालवणार कुठे? गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. मोले किंवा म्हादईच्या अभयारण्यात मनाला येईल तशी गाडी घालता येत नाही. उरते खासगी जमीन, तीही मालकाच्या परवानगीनं. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होत आलेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही फोर-व्हील गाड्यांची चिखलातली स्पर्धा एकदा आधी प्रेक्षक म्हणून बघा. तिथला चिखल गाडीचं काय करतो ते दिसेल. चिखलात एकट्यानं जाऊ नका, दुसरी गाडी आणि ओढायचा पट्टा हवाच.

चेसिस शाबूत आणि कागद सरळ असतील तर जरूर घ्या, पण बजेटचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला राखून ठेवा. आणि गाडी डिचोलीत आली की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्यानं धुवा.