आधी उखडा, मग घाला

प्रश्न : काकू, आम्ही न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत 1950च्या दशकातलं केप कॉड घर घेतलं. प्लॉट 60 बाय 125 फूट. आमच्या झोनला किमान 10,000 चौरस फूट लागतात, म्हणजे प्लॉट मुळातच 'नॉनकन्फॉर्मिंग', आजच्या नियमात न बसणारा. मे महिन्यात मुलाची मुंज आहे, म्हणून मागे 18 बाय 20चा पेव्हर्सचा (सुट्या फरशांचा) पॅटिओ, म्हणजे उघडी बैठक, ठरवला होता. टाउनशिपने परमिट नाकारलं. एजंट म्हणाला होता, घर 'ग्रँडफादर्ड' आहे, म्हणजे जुनं म्हणून नव्या नियमांतून सुटलेलं. कंत्राटदार म्हणतो, पेव्हर्स मोजतच नाहीत. स्वतःच्या अंगणात फरशी घालायला परवानगी कसली?

उत्तर : हे शेवटचं वाक्य झोनिंग ऑफिसच्या खिडकीमागे बसून मी 26 वर्षं ऐकलंय, कित्येकदा मराठीतून.

एजंट अर्धं खरं बोलला. न्यू जर्सीच्या म्युनिसिपल लँड यूज लॉप्रमाणे, नियम येण्याआधीपासून कायदेशीर उभं असलेलं बांधकाम तसंच ठेवता येतं, काही भाग पडला किंवा जळला तर दुरुस्तही करता येतं. पण अभय आहे ते जे आहे त्याला. नव्याने जे घालाल त्याला आजचाच नियम. ('ग्रँडफादर्ड' शब्द मी टाळते. काळ्या लोकांना मतदानापासून दूर ठेवायला 1890च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांनी जे 'आजोबा-कलम' काढलं, त्यातून तो आलाय.)

तुमच्या सर्व्हेवरून बेरीज केली. घर 1,250, गॅरेज 260, ड्राइव्हवे 900, पोर्च आणि पायवाट 280. झाले 2,690 चौरस फूट. तुमच्या झोनमध्ये 'इम्पर्व्हियस कव्हरेज'ची, म्हणजे पाणी मुरू न देणाऱ्या जागेची, मर्यादा प्लॉटच्या 35 टक्के, म्हणजे 2,625. वीटही न लावता तुम्ही 65 चौरस फूट पुढे आहात! त्यात पॅटिओचे 360 धरले की 40 टक्क्यांच्या वर.

पेव्हर्सचं म्हणाल तर प्रत्येक गावाची व्याख्या निराळी. कुठे खडीसुद्धा मोजतात, कुठे पोहण्याच्या तलावातलं पाणीही. ऑर्डिनन्समध्ये (गावाच्या नियमावलीत) 'इम्पर्व्हियस कव्हरेज'ची व्याख्या स्वतः वाचा. आमच्याकडे यजमानांनी दुसऱ्या गाडीसाठी खडी टाकली, मी ऑफिसात असताना, मला न विचारता. आमच्या गावात खडी मोजतात. दोन शनिवार फावड्याने उपसत होते बिचारे.

हा नुसता कागदी छळ नाही. 360 फुटांवर एक इंच पाऊस पडला की सव्वादोनशे गॅलन पाणी मुरायचं सोडून वाहायला लागतं. तुमचा प्लॉट मागे उतरतोय, म्हणजे ते जाणार मागच्या घराच्या बेसमेंटकडे. 1 सप्टेंबर 2021ला आयडा वादळ आलं, तेव्हा इथे किती बेसमेंटं भरली ते ज्यांनी बादल्यांनी उपसलं त्यांना विचारा.

मार्ग आहे. गॅरेजपाशी कोणीतरी ड्राइव्हवे रुंद केलेला दिसतो. त्यातले 250 फूट उखडून हिरवळ लावा आणि पॅटिओ 12 बाय 15 करा. एकूण 2,620. सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं अंतर) पाळलेत तर कव्हरेजसाठी व्हेरियन्सची, म्हणजे नियमातून सूट मागण्याची, गरज नाही. मात्र प्लॉट लहान असल्याने आणखी काही लागतं का, हे झोनिंग ऑफिसरकडून लेखी घ्या.

मोठाच हवा असेल तर 'सी' व्हेरियन्स. 200 फुटांतल्या सगळ्या मालकांना सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी नोटीस, जाहीर सूचना, आणि गावाच्या बोर्डाला निर्णयासाठी 120 दिवस. मुंज त्याआधीच होऊन जाईल. हिरवळीवर लहानसा मांडव घाला, बटू गवतावर बसेल.

प्रश्न : एक-कुटुंबी झोनमध्ये आमचं जुनं दोन-कुटुंबी घर आहे. विकायचं तर ग्राहक 'कायदेशीर आहे याचा कागद' मागतो. कुठे मिळेल?

उत्तर : तुमचं घर नियमाबाहेर टाकणारा ऑर्डिनन्स होऊन एक वर्ष झालं नसेल तर झोनिंग ऑफिसर सर्टिफिकेट देऊ शकतो. त्यानंतर बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंटकडेच (गावाचं झोनिंग बोर्ड). सिद्ध तुम्हीच करायचं : जुनी टॅक्स कार्डं, दोन मीटरची बिलं, म्हाताऱ्या शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. शेजारी फ्लोरिडाला जायच्या आत सह्या घ्या.