12 लाखांचं कर्ज काढून एमबीए, की अर्थशास्त्रातच एमए?

नमस्कार. तुमचं वय 54, साखर कारखान्यातली नोकरी 58 पर्यंत. मुलगी साताऱ्यात टीवायबीएला, विषय अर्थशास्त्र. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत मॅनेजमेंट कोट्यातून एमबीएची फी 15 लाख. 12 लाख कर्ज आणि 3 लाख एफडी मोडून भरायची, असं तुम्ही लिहिलंय. मुलीला मात्र एमए करायचंय.

माझं मत स्पष्ट आहे, मुलीचं ऐका.

हप्त्याचा हिशेब बघा. 11 टक्क्यांनी दोन टप्प्यांत कर्ज उचललं, तर कोर्स आणि नंतरचं एक वर्ष धरून व्याजासकट 15.3 लाख होतात. 10 वर्षांच्या मुदतीत हप्ता बसेल साधारण 21 हजार. तो सुरू होईल तेव्हा तुमची नोकरी उरेल वर्षभर, आणि फिटेल तेव्हा तुम्ही 67 वर्षांचे असाल. शिवाय साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका बहुधा तारण मागतात, म्हणजे घराचे कागद बँकेत. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते म्हणतात, पण ती जुन्या करप्रणालीतच.

माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेलं पॅकेज मुलीला दाखवा. सरासरी आणि मध्यक (म्हणजे मधला आकडा, निम्म्यांना त्याहून कमी मिळतं) यातला फरक ती शिकलीय. संस्थेकडे मध्यक पगाराचा आकडा मागायला तिलाच सांगा.

एमएसाठी पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट आहे, 1930 पासूनची. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग कलिन्याला. विद्यापीठाच्या विभागात खरा खर्च राहण्या-जेवणाचाच. महिना 12 हजार धरले तरी दोन वर्षांचे 2.88 लाख, तेही थोडेथोडे द्यायचे. यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते, रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातल्या ग्रेड बी अधिकारी पदालाही ती चालते. एमबीए केलं तर आर्थिक सेवेचं दार उघडत नाही. जागा थोड्या असतात, त्यामुळे एवढ्यावरच विसंबू नये. बँका, संशोधन संस्था, डेटाची कामं इथेही मागणी असते, पण गणित-संख्याशास्त्र पक्कं असेल तरच. बीएच्या मुलांची गाडी नेमकी इथेच अडते, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून या सुट्टीत बारावीच्या गणिताची पुस्तकं पुन्हा काढायला सांगा.

एमबीए वाईट नाही. सीईटी देऊन मुंबईतल्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी नंबर लागला, तर मला पुन्हा लिहा, हिशेब नव्याने मांडू. कोट्याची जागा धरून ठेवायला टोकन रक्कम मागतायत म्हणालात, ती मात्र भरू नका. एफडीलाही हात लावू नका.