लाकडी क्लब माळ्यावरून काढले, आता चेंडू कोणता?

जुन्या लाकडी गोल्फ क्लबांबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी गाठ एकच आहे: दुकानात मिळणारा आजचा चेंडू ऐंशी-नव्वद वर्षांच्या लाकडाला चालेल का?

प्रश्न : वडिलांच्या बॅगेत तीन वूड (लांब फटक्यांचे, जाड डोक्याचे क्लब) आणि दोन लोखंडी क्लब निघाले. वूडची हेड, म्हणजे चेंडूला लागणारी डोकी, लाकडी, पण दांडे स्टीलचे आहेत. लोखंडी क्लबांचे दांडे मात्र लाकडी आहेत आणि त्यांवर ‘मॅशी’ व ‘निब्लिक’ असं कोरलंय. यांनी खरंच खेळता येईल का? कोणता चेंडू घ्यावा? (पुणे)

उत्तर : तुमच्याकडे दोन पिढ्यांचं सामान एकत्र आलंय, आणि दोन्हींना एकच चेंडू लावू नये. स्टीलच्या दांड्याला अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे लाकडी दांड्याचे मॅशी आणि निब्लिक (ही लोखंडी क्लबांची जुनी नावं) बहुधा १९३५ च्या आधीचे आहेत. तो दांडा हिकरीचा, अक्रोडाच्या कुळातल्या झाडाचा. स्टीलच्या दांड्यावरची लाकडी हेड मात्र १९८० च्या दशकापर्यंत सर्रास चालत होती. ती बहुतेक पर्सिमनची असतात. पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीची अमेरिकी बहीण. ज्या झाडाच्या पानात विडी वळतात, त्याच जातकुळीचं हे घट्ट लाकूड.

चेंडू घ्यायच्या आधी क्लब तपासा. वूडचं हेड कानाशी धरून तळहाताने हलकेच थोपटा. आत खुळखुळलं तर वजनासाठी बसवलेलं शिसं किंवा डिंकाचा सांधा सुटलाय. मग फेसच्या, म्हणजे हेडच्या चेंडूला भिडणाऱ्या बाजूच्या, मधोमध बसवलेल्या तुकड्याच्या कडेवरून नख फिरवा. हा तुकडा फायबरचा, हाडाचा किंवा प्लास्टिकचा असतो. नख कुठे अडकलं, किंवा एखाद्या स्क्रूचं डोकं बाकीच्यांपेक्षा वर आलेलं दिसलं, तर तो क्लब आधी दुरुस्तीला द्या. हेड आणि दांडा जुळतात त्या मानेवर गुंडाळलेला मेणाचा दोरा सैल असेल, तर दोरा काढून खालच्या लाकडावर केसासारखी बारीक रेघ आहे का ते उन्हात पाहा. हिकरीच्या क्लबाचं लोखंडी हेड गुडघ्यांत धरून ग्रिप हलक्या हाताने पिळा. ‘टक्’ असा आवाज आला तर दांडा हेडमध्ये हलतोय. असा क्लब खेळायला घेऊ नका, हेड निसटून कुणालाही लागू शकतं.

आता चेंडू. फटक्याच्या वेळी चेंडू आणि फेस एकमेकांना सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरते चिकटलेले असतात. ताशी ८० मैलांच्या स्विंगला तेवढ्या वेळात सरासरी ४०० ते ५०० किलो वजनाइतका दाब पडतो. चेंडू मऊ असला की तो जास्त दबतो, स्पर्श किंचित लांबतो आणि दाबाचं टोक खाली येतं. ही मऊपणाची मोजणी म्हणजे कॉम्प्रेशन. अंक जितका लहान, तितका चेंडू मऊ.

हिकरीच्या क्लबांना ३५ ते ६० कॉम्प्रेशनचा चेंडू घ्या. विल्सनचा ड्युओ सॉफ्ट आणि कॅलवेचा सुपरसॉफ्ट हे दोन्ही ४० च्या आसपास असतात आणि आपल्याकडे मिळतात. हिकरीचा दांडा फटक्यात नुसता वाकत नाही, पिळवटतोही. त्यामुळे स्विंग सावकाश ठेवावाच लागतो, आणि सावकाश स्विंगला कडक चेंडू दगडासारखा लागतो. हाताला बसणारी झिणझिणी दांड्यालाही बसत असते.

पर्सिमन-स्टीलच्या वूडबद्दल मात्र उगाच भीती पसरली आहे. त्या काळातले व्यावसायिक खेळाडू ९० आणि १०० कॉम्प्रेशनचे चेंडू याच हेडनी मारत होते. बर्नहार्ड लँगरने १९९३ ची मास्टर्स स्पर्धा पर्सिमनचा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा वूड, घेऊन जिंकली. लाकूड तेवढं सोसतं. शंका घ्यायची ती चाळीस-पन्नास वर्षांच्या डिंकाची आणि स्क्रूंची. म्हणून धडधाकट हेडला युरेथेन या मऊ प्लास्टिकच्या आवरणाचा, ६५ ते ८५ कॉम्प्रेशनचा चेंडू द्या. इथे आवरणालाही कारण आहे. पर्सिमनचं हेड लहान असतं आणि ते रबराचे दोरे गुंडाळलेल्या, भरपूर फिरकी घेणाऱ्या चेंडूसाठी घडवलेलं होतं. कमी फिरकीचा स्वस्त दोन थरांचा चेंडू त्याच्यावरून खाली-खाली जातो आणि हवेत टिकत नाही. युरेथेनचा तीन थरांचा चेंडू वर चढतो. लांबीसाठी चेंडू निवडू नका, लांबी या क्लबांत नाहीच.

पहिल्या दिवशी निब्लिकने अर्ध्या स्विंगचे पाच फटके, मग मॅशीने पाच, मग सर्वांत आखूड वूडने पाच, आणि दर पाच फटक्यांनंतर पुन्हा नख फिरवून पाहणी.

प्रश्न : खोक्यावर कॉम्प्रेशन लिहिलेलंच नसतं. दुकानदार ‘सगळे सॉफ्टच आहेत’ म्हणतो. घरी ओळखता येईल का? (नाशिक)

उत्तर : नेमका अंक नाही, पण दोन चेंडूंपैकी मऊ कोणता हे अगदी खात्रीने ओळखता येतं. बोटाने दाबून किंवा फरशीवर टाकून मात्र काही कळत नाही. चेंडू किती उसळतो आणि किती दबतो या वेगळ्या गोष्टी आहेत.

सुताराचा क्लॅम्प, कार्बन पेपर, पांढरा कागद आणि दीड इंची पीव्हीसी पाइपचा साधारण सात सेंटिमीटरचा तुकडा घ्या. ज्याचा अंदाज आहे असा एक चेंडू आणि नवा चेंडू पाइपमध्ये एकापुढे एक ठेवा. पाइप एवढ्यासाठी की दाब आल्यावर चेंडू बाजूला सटकू नयेत. दोन्ही चेंडूंची बाहेरची टोकं पाइपमधून थोडी बाहेर यायला हवीत. प्रत्येक टोकापाशी आधी कार्बन पेपर, त्याची शाई बाहेरच्या बाजूला, मग पांढरा कागद, मग प्लायवूडचा छोटा तुकडा. हे सगळं क्लॅम्पमध्ये धरून हळूहळू आवळा. एकूण लांबी तीन-चार मिलिमीटरने कमी झाली की थांबा आणि सोडा.

चेंडू एका रांगेत असल्यामुळे दोघांवर दाब सारखाच येतो. कागदावर दोन गोल ठसे उमटलेले दिसतील. ज्याचा ठसा मोठा, तो चेंडू मऊ. ठशांच्या व्यासात दोन मिलिमीटरचा फरक असला तरी तो हाताला स्पष्ट जाणवण्याइतका असतो. चष्मा लावूनच करा. तडा गेलेला किंवा फार जुना चेंडू क्लॅम्पमध्ये अजिबात घालू नका. त्याचं कारण पुढे येतंय.

प्रश्न : मी एडिनबराला राहते. मसलबरोच्या जुन्या नऊ होलच्या मैदानावर हिकरीचे क्लब भाड्याने घेऊन खेळायचा बेत आहे. जुन्या धाटणीचा जाळीच्या नक्षीचा चेंडू घ्यावा की साधा? आणि टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, किती उंच? (एडिनबरा)

उत्तर : पहिल्या फेरीला साधा मऊ चेंडूच घ्या. जाळीची नक्षी दिसायला सुंदर असते, पण खळगे तिच्यापेक्षा हवा चांगली कापतात. लेस्टरच्या विल्यम टेलरने १९०५ मध्ये खळग्यांच्या चेंडूचं पेटंट मिळवलं, आणि पुढे खळग्यांनी बाकीच्या नक्ष्या मागे टाकल्या त्या याच गुणावर. क्लबही नवखा आणि चेंडूही नवखा असला की चूक कुणाची, हे कळत नाही. दुसऱ्या खेपेला जाळीचा चेंडू जरूर खेळून पाहा. गटापर्चाच्या (झाडाच्या वाळलेल्या चिकाच्या) धाटणीचा कडक चेंडू मात्र भाड्याच्या क्लबाने मारू नका. पिसांच्या चेंडूच्या जागी १८४८ च्या सुमारास गटापर्चा आला, तेव्हा त्याच्या कडकपणाने लांब नाकाची नाजूक हेड फुटू लागली. मग कारागिरांनी हेड आखूड-जाड केली आणि फेसवर चामड्याचे तुकडे बसवले. चेंडू बदलला की क्लब बदलावा लागतो, असं तेव्हापासून चाललंय. आपल्याला क्लब बदलायचा नाही, म्हणून चेंडू त्याच्या वयाचा मान राखणारा घ्यायचा.

स्कॉटलंडच्या थंडीत चेंडू आणखी कडक होतो. पुढच्या होलसाठीचा चेंडू खिशात ठेवा, रात्री गाडीत सोडू नका.

टीच्या उंचीत बहुतेकांचं चुकतं. आजच्या ड्रायव्हरची सवय असलेला माणूस टी उंच लावतो. हिकरीच्या ड्रायव्हरचा फेस जेमतेम ३८ मिलिमीटर उंच आणि चेंडू ४२.७ मिलिमीटरचा, म्हणजे चेंडूच फेसपेक्षा उंच. टी उंच असली की हेड चेंडूखालून जातं, चेंडू हेडच्या माथ्यावर आदळतो आणि तिथे कायमची खोक पडते. टी जमिनीपासून ८ ते १० मिलिमीटर, एवढीच. क्लब चेंडूमागे टेकवल्यावर चेंडूचा वरचा तिसरा हिस्सा हेडच्या वर दिसला की झालं. हवं तर जुन्या पद्धतीने ओल्या वाळूची चिमूट रचून त्यावर चेंडू ठेवा, उंची आपोआप बरोबर येते.

तुम्हाला मिळणाऱ्या लोखंडी क्लबांचा फेस गुळगुळीत असेल, तर होलभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर चेंडू थांबण्याची आशा ठेवू नका. हिरवळीच्या अलीकडे टाकून गडगडत जाऊ द्या. स्पर्धेत उतरणार असाल, तर कोणता चेंडू चालतो ते आयोजकांना आधी विचारा. हिकरीच्या स्पर्धांचे नियम सगळीकडे सारखे नसतात.

प्रश्न : जुन्या क्लबांबरोबर डझनभर जुने चेंडूही मिळाले. हे आताच्या चेंडूपेक्षा बारीक वाटतात. जुन्या क्लबाला जुना चेंडूच शोभेल ना? (नागपूर)

उत्तर : शोभेल, पण कपाटात. आधी व्हर्नियर कॅलिपरने व्यास मोजा. ४१.१५ मिलिमीटर, म्हणजे १.६२ इंच भरला, तर तो ब्रिटिश मापाचा छोटा चेंडू. अमेरिकेने १९३२ मध्ये १.६८ इंच व्यास आणि १.६२ औंस वजन कायम केलं. ब्रिटिश नियमांत मात्र छोटा चेंडू पुढेही चालत राहिला आणि १९९० मध्ये बाद झाला. आज नियमांच्या खेळात तो चालत नाही. कॅलिपर नसेल तर एक लिटर पाण्यात २२० ते २५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. आजच्या मापाचा चेंडू त्यात तरंगतो. पूर्ण वजनाचा छोटा चेंडू तुम्ही कितीही मीठ घातलंत तरी बुडतो, कारण वजन तेच आणि आकार लहान.

न खेळण्याचं खरं कारण त्याच्या पोटात आहे. त्या काळच्या चांगल्या चेंडूत गाभ्याभोवती ताणलेल्या रबराचे दोरे गुंडाळलेले असत. १८९९ च्या हॅस्केलच्या पेटंटपासून ही रीत चालत आली. रबर वर्षानुवर्षं पडून राहिलं की वाळतं, ताण सोडतं, तुटतं. त्यामुळे जुना चेंडू मऊ राहत नाही, मेलेला आणि वर कडक असा होतो. लाकडी फेसला याहून वाईट काही नाही. हे चेंडू कापूनही पाहू नका आणि मुलांच्या हातात देऊ नका. काहींच्या गाभ्यात द्रव भरलेला असे, काही जुन्या चेंडूंत तो दाहक असे, आणि कापताना तो डोळ्यांत उडून मुलांना इजा झालेल्या आहेत.

प्रश्न : सराव मैदानावरच्या बादलीतल्या चेंडूंनी पर्सिमनच्या ड्रायव्हरचा सराव केला. फेसवर खळग्यांचे ठसे उमटले आणि पॉलिशला तडे गेले. आता पावसाळा तोंडावर आहे. काय करू? (मुंबई)

उत्तर : बादलीतले चेंडू ताबडतोब बंद करा. ते टिकावेत म्हणून कडक केलेले असतात, आणि त्यांना चिकटलेली वाळू प्रत्येक फटक्याला कानसेसारखी फेसवर घासते. सरावाला स्वतःचे डझनभर मऊ चेंडू न्या आणि प्रत्येक चेंडू मारण्याआधी ओल्या फडक्याने पुसा.

ठसे कुठे आहेत ते मात्र नीट बघा, ते तुमचा स्विंग सांगतात. फेसवर टाल्कम पावडर फासून एक फटका मारा. पाच रुपयांच्या नाण्याएवढा डाग मधल्या तुकड्यावर पडला तर उत्तम. मानेकडे पडत असेल, तर चेंडू कितीही मऊ घेतलात तरी मान उलेल. टोकाकडे पडला तर हेड हातात पिळतं आणि स्क्रू सैल होतात. डाग मानेकडे असेल तर चेंडूपासून थोडं लांब, टोकाकडे असेल तर थोडं जवळ उभं राहा.

पॉलिशला तडा असताना पावसात क्लब बाहेर काढू नका. पाणी तड्यातून आणि तळाच्या पितळी पट्टीच्या स्क्रूंमधून आत शिरतं, लाकूड फुगतं आणि मधला तुकडा बाहेर ढकलला जातो. आधी हेड आठवडाभर घरात सावलीत वाळू द्या, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत नाही. तडे बारीक पॉलिश पेपरने घासून पॉलियुरेथेन वार्निशचे दोन पातळ हात द्या, दोन हातांमध्ये एक दिवस सोडा. बॅगेत हिकरीचे दांडे असतील, तर त्यांना रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल फडक्याने चोळा आणि अर्ध्या तासाने जादा तेल पुसून काढा. ते तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं पसरून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच टाका.